कंपनीबागेतला दहावा

“चार मोठे,” विलासकाका तिकिटाच्या खिडकीत वाकून म्हणाला.

खिडकीतल्या माणसाने वर पाहिलं आणि तो पाहतच राहिला. काकाचं डोकं त्याच सकाळी घाटावर भादरलेलं होतं. अंग उघडं, कमरेला ओला पंचा, खांद्यावर उपरणं आणि दोन्ही हातांत स्टीलचं ताट. ताटात पत्रावळ, पत्रावळीवर काळे तीळ लावलेले भाताचे पिंड, बाजूला दोन वडे आणि दही.

“डबा आत न्यायला बंदी आहे,” तो माणूस म्हणाला.

“डबा नाही हो हा,” काकाला बाजूला सारत आत्या पुढे आली. “पिंड आहेत. माझ्या भावाचे.”

“काही का असेना. प्राण्यांना बाहेरचं खायला घालायचं नाही. पाटी वाचा की.”

“प्राण्याला कोण घालतंय? माणसाला घालतोय आम्ही. मेलेल्या.”

त्याने पाटीकडे पाहिलं. मेलेल्या माणसाविषयी पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने मुकाट्याने चार तिकिटं फाडून दिली, आणि माझ्या वडिलांच्या दहाव्याचा उरलेला विधी करायला आम्ही कंपनीबागेच्या प्राणिसंग्रहालयात शिरलो.

अशी वेळ का आली ते सांगते. माझे वडील वसंतराव तांबवेकर, म्हणजे आमचे अण्णा, मोटार चालवायला शिकवायचे. ‘तांबवेकर मोटर ट्रेनिंग स्कूल’ची पाटी शहरात सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टर, वकील, नगरसेवक, दोन महंत, सगळे अण्णांच्या शिव्या खाऊन स्टिअरिंग धरायला शिकलेले. मीही त्यांच्याचकडे शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. बायकांची बॅच माझी, पुरुषांची अण्णांची. मग एका दुपारी ऑफिसात चहा पिता पिता अण्णा गेले. कप पूर्ण संपवून गेले, एवढं समाधान.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. नदीवर कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या काठावर दुसऱ्या कुणाचा तरी दहावा होता, तिथे त्यांची पंगत बसली होती. आमच्या पिंडांकडे एकजण मान वाकडी करून बघायचा आणि परत पलीकडे जायचा.

“काहीतरी इच्छा राहिली असणार,” गुरुजी म्हणाले. “घरच्यांनी काय ते कबूल करा.”

काका हात जोडून पुढे झाला. “दादा, तुझी स्कूटर विकणार नाही. रोज पुसून ठेवीन.”

कावळ्याला स्कूटरचं काही पडलं नव्हतं.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढले. “दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात सोय आहे तशी.”

“मुळीच नाही,” आत्या कडाडली. “माझ्या भावाने जन्मभर गाडीला ओरिजिनल पार्ट घातले. त्याला डुप्लिकेट कावळा?”

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, म्हणून अण्णांना तिनेच कडेवर वाढवलं होतं. त्या हक्काने ती आमच्या घरात कुणालाही काहीही बोलायची. तिने माझ्याकडे मोर्चा वळवला.

“शर्मे, तू बोल. तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. हेमंतशी लग्न करीन म्हण, बघ कसा झडप घालतो कावळा.”

हेमंत हा आत्याच्या दिराचा मुलगा. कऱ्हाडला खतांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, फक्त बघायला आला तेव्हा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला होता की लग्नानंतर बायकोने परक्या पुरुषांना गाड्या शिकवायच्या नाहीत. मी बायकांची बॅच घेते, असं मी सांगितलं. बायकांनाही कशाला शिकवायच्या, असं तो म्हणाला. तो गेल्यावर सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “बघू.” त्यानंतर महिन्याभरात अण्णा गेले. ते ‘बघू’ तसंच राहिलं. आत्याच्या मते तो होकार होता आणि माझ्या मते नकार.

कुणी म्हणेल, म्हणून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पण आमच्या घरात पिंडापुढे दिलेला शब्द कुणी मोडत नाही. आजोबांच्या दहाव्याला काकाने तंबाखू सोडायचं कबूल केलं होतं. तेव्हापासून तो पानाच्या टपरीसमोरून जाताना नाक धरतो. कबूल केलं असतं तर मी पुढच्या मोसमात कऱ्हाडात युरियाच्या पोत्यांशेजारी बसलेली असते, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

“आत्या, आधी कावळा तरी बघू या,” मी वेळ मारून नेली.

तेव्हा काकाला कंपनीबाग आठवली. “तिथे ढिगाने कावळे असतात. माणसांना सरावलेले. हातातलं घेऊन जातात.”

त्यामुळे गुरुजींना निरोप देऊन, पिंडांचं ताट काकाच्या मांडीवर ठेवून, ट्रेनिंग स्कूलच्या गाडीतून आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. कावळा शिवेपर्यंत कुणी काही खायचं नव्हतं, आणि ऊन वर आलं होतं. आई माझ्या शेजारी बसली होती. घाटावर आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

बागेत कावळे होते, यात काकाची चूक नव्हती. अस्वलाच्या पिंजऱ्यापाशी तर त्यांचं संमेलनच भरलं होतं. रखवालदार अस्वलाला भाकऱ्या टाकून गेला होता. अस्वल एक भाकरी खायचं आणि दोन कावळे न्यायचे. काकाने समोरच्या कट्ट्यावर ताट ठेवलं, पाणी फिरवलं आणि आम्ही चौघं लांब जाऊन हात जोडून उभे राहिलो.

कावळ्यांनी ताट बघितलं आणि तोंडं फिरवली. ते इतके गुबगुबीत होते की त्यातल्या एकालाही उडायची इच्छा दिसत नव्हती.

“वाघाकडचं मटण खाऊन माजलेत,” आत्या म्हणाली. “तीळ घातलेल्या भाताला कशाला तोंड लावतील!”

“मटण!” काकाच्या डोळ्यांत चमक आली. “आत्ता कळलं! डॉक्टरने दोन वर्षं बंद केलं होतं दादाचं.” तो घाईघाईने कट्ट्यापाशी गेला. “दादा, वर्षश्राद्धाला मटणाचा रस्सा करू. पांढरा आणि तांबडा.”

“विलास! श्राद्धाला मटण?”

“बाहेर करू, गच्चीत.”

गच्चीतल्या मटणालाही कावळा बधला नाही. तोपर्यंत आमच्याभोवती माणसं जमली होती. अस्वलापेक्षा आमच्याकडे जास्त. एका बाईच्या कडेवरच्या पोरीने काकाकडे बोट करून विचारलं, “आई, याला पिंजऱ्यातून सोडलंय?” काकाने उपरणं अंगावर ओढून घेतलं.

तेवढ्यात मोर आला. त्या बागेत मोर मोकळे सोडलेले असत. तो सरळ कट्ट्यावर चढला आणि पिंडाकडे मान लांब केली.

“हुश! हुश! मेल्या, तुला कोण बोलावलंय!” आत्या छत्री घेऊन धावली.

“ताई, मारू नकोस, राष्ट्रीय पक्षी आहे,” काका ओरडला. “आत टाकतील आपल्याला.”

“मग काय खाऊ देऊ? मोर शिवलेला कधी ऐकलायस?”

काकाने कमरेच्या चंचीतून मोबाईल काढून गुरुजींना फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. “मोर चालेल का हो? ... नाही, स्वतःहून आलाय. ... बरं. ... गाय? गाय चालते?” त्याने फोनवर हात ठेवला. “मोराचा उल्लेख नाही म्हणतायत. गाईला घातलं तर चालेल. ताई, इथे नीलगाय आहे.”

“ती हरणाच्या जातीची असते, काका,” मी म्हणाले.

“नाव गाय आहे ना पण?”

आत्याने त्याच्या हातून फोन घेतला आणि बंद केला. मोर दोन तीळ टिपून निघून गेला होता. ते शिवणं धरायचं की नाही, यावर दोघांचं थोडं वाजलं, आणि मग अचानक आत्या कट्ट्यापाशी बसली आणि रडायला लागली. घाटावर रडली होती तशी नाही. तोंडाला पदर न लावता.

“वसंता, ये रे बाळा,” ती पिंडांशी बोलायला लागली. “सकाळपासून उपाशी आहेस तू. लहानपणी भूक लागली की नुसता हातपाय आपटायचास. आता कुठे जाशील रे? कोण वाढेल तुला?”

तोवर मी मनातल्या मनात सगळ्यांची टर उडवत होते. ते तिथे संपलं. आत्याला खरोखरच वाटत होतं की तिचा भाऊ कुठेतरी पानावर ताटकळत बसलाय. आणि खरं सांगायचं तर, मलाही तसं वाटायला लागलं. पोटात अन्न नव्हतं, डोक्यावर ऊन होतं, आणि अण्णा ऑफिसच्या पायरीवर उभे राहून वाट बघतायत असं मला स्पष्ट दिसत होतं. कावळाबिवळा मी मानत नव्हते. पण त्या ‘बघू’त खरंच होकार असला तर? माणूस गेल्यावर त्याला विचारायचं कुठे? मला अण्णा फार हवे होते. त्या क्षणी त्यांच्यासाठी मी युरियाच्या पोत्यांवरही बसले असते.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. यावेळी ती ओरडली नाही. “शर्मे,” एवढंच म्हणाली.

मी पुढे गेले. कट्ट्यासमोर उभी राहिले आणि हात जोडले. “अण्णा,” मी म्हणाले, “तुमची तशी इच्छा असेल तर मी हेमं—”

“थांब गं.”

आई होती. तिने मला खांद्याला धरून मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाली. हात जोडले नाहीत. डोक्यावरचा पदर नीट केला, तोही सवयीने.

“अहो, ऐका,” आई पिंडांना म्हणाली. अण्णा पेपर वाचत असताना बोलायची तसाच आवाज होता. “पोरीला काही कबूल करायला लावू नका. तुम्हाला यायचं असेल तर या, जेवा. नसेल तर राहू द्या. इच्छा राहिली म्हणून अडून बसता? माझ्या किती राहिल्या. त्या मला विचारायला कुठला कावळा आला?”

आत्याचं रडणं जागच्या जागी थांबलं.

“इंदू! अगं पिंडापुढे असं बोलतात?”

“पिंडापुढेच बोलायला मिळालं, वन्सं. ते समोर असताना मी काही बोलले की ‘बघू’ म्हणायचे. तुम्ही दहा दिवस झाले त्या ‘बघू’चा अर्थ लावताय. मला विचारायचा. मी तीस वर्षं ऐकलाय. हो नाही आणि नाहीपण नाही. ‘आता गप्प बस, मला पेपर वाचू दे,’ एवढाच त्याचा अर्थ.”

काका हसला. हसून घाबरला आणि खोकल्यासारखं केलं.

“मग आता काय करायचं?” आत्याने विचारलं. मी जन्मात पहिल्यांदा तिला आईचा सल्ला घेताना पाहिलं.

“पिंड ठेवून निघायचं. मागे वळून बघायचं नाही, अशीच पद्धत आहे ना? मग चला.”

आई चालायला लागली. अस्वलाकडे, मोराकडे, बघ्यांकडे न बघता सरळ. तिच्यामागे मी, माझ्यामागे काका आणि सगळ्यात शेवटी डोळे पुसत आत्या. मागे पंखांची फडफड झाली. कावळ्याची होती, मोराची होती की पलीकडच्या पिंजऱ्यातल्या बदकांची, देव जाणे. मी वळले नाही.

“वहिनी,” थोडं पुढे आल्यावर काका हळूच म्हणाला, “मी जरासं वळून पाहिलं.”

“सांगू नका,” आई म्हणाली.

पुढे बागेचं मोठं काचघर होतं, झाडांचं. आई दारात थांबली. “ऊन लागतंय. आत जाऊ या.” दारातल्या शेंगवाल्याकडून तिने भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि पहिली शेंग स्वतः फोडून खाल्ली. आत्या बघत राहिली. मग आईने तिच्यापुढे पुडी धरली. आत्याने आधी मान हलवली, आणि नंतर इतक्या शेंगा घेतल्या की काकासाठी दुसरी पुडी घ्यावी लागली.

काचघरात ओलं, गरम वाटत होतं. काका म्हणाला, उन्हात वाळलेला पंचा परत ओला होतोय. आत्या आणि तो बाकावर बसून शेंगा सोलायला लागले. आई नेच्यांच्या कुंड्यांमधून हळूहळू फिरत होती. ‘हात लावू नये’ लिहिलेल्या प्रत्येक पानाला हात लावत होती. एका ऑर्किडपाशी ती बराच वेळ उभी राहिली.

“चपलेच्या आकाराचं फूल आहे बघ,” ती मला म्हणाली. “कुठून कुठून आणतात!”

“आई, तुझी कुठली इच्छा राहिली?”

“राहिल्या असतील. आता कुठे आठवत बसू?”

“सांग ना. एक तरी.”

तिने ते फूल जरा उचलून बघितलं आणि सोडलं. “मला गाडी शिकायची होती.”

मला आधी काही समजलंच नाही. अर्ध्या शहराला गाडी शिकवणाऱ्या माणसाची बायको. आमच्या घराच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या असायच्या.

“नवीन लग्न झालं तेव्हा म्हणाले होते मी. हे ‘बघू’ म्हणाले. तू झालीस, मग परत एकदा विचारलं. नंतर सोडून दिलं. हे तुला दारात शिकवायला लागले ना, तेव्हा मी स्वयंपाक करता करता ऐकायचे सगळं. पोरीला तरी शिकवतायत म्हणून फार बरं वाटायचं. आणि तू म्हणे आता तेही सोडून खतांच्या दुकानात बसणार.”

मी रडायला लागले. दहा दिवसांत मी अण्णांसाठी रडले होते. हे रडणं कुणासाठी होतं ते मला सांगता येणार नाही, पण ते अण्णांसाठी नव्हतं. थोडा रागही आला त्यांचा. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे मला त्या काचघरात कळलं.

“पूस डोळे,” आई म्हणाली. “आणि एक लक्षात ठेव. माझ्या वेळी कुणाला काही कबूल करू नकोस. कावळा नाही आला तर भात घरी आण आणि मस्त फोडणी टाक.”

पार्किंगचं मैदान दुपारचं रिकामं होतं. मी गाडीपाशी गेले, उजवीकडचं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिले.

“बस,” मी आईला म्हणाले.

“आज? दहाव्याच्या दिवशी?”

“बघू म्हणू का?”

आईने चपला काढल्या, देवळात काढतात तशा दाराबाहेर नीट ठेवल्या आणि आत बसली. मी चपला उचलून मागे टाकल्या आणि अण्णांच्या जागेवर, डावीकडे, बसले. काका आणि आत्या मागच्या सीटवर होते. आत्याला परिस्थितीचा अंदाज येईपर्यंत काकाने दार लावून घेतलं होतं.

“इंदू, तू का पुढे? शर्मे, ही का पुढे?”

“डावा पाय क्लचवर,” मी सुरुवात केली.

“माहितीय,” आई म्हणाली. “क्लच पूर्ण दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळू हळू सोडायचा. घाई केली की गाडी नाचते.” शब्दन् शब्द अण्णांचा होता. फक्त शिव्या गाळल्या होत्या.

गाडी नाचलीच. बंद पडली. परत सुरू केली, परत बंद पडली. मागे आत्याने रामरक्षा म्हणायला घेतली आणि काकाने एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं भादरलेलं डोकं धरलं. आईच्या कपाळावर घाम आला होता, पण ओठ घट्ट मिटलेले होते. पुढच्या खेपेला क्लच नीट सुटला. गाडी जरा थरथरली आणि मग गुपचूप पुढे सरकली. गुलमोहर, पाण्याची टाकी, पार्किंगचा बांबू, सगळं एकेक करून मागे जायला लागलं.

“गं बाई,” आई पुटपुटली. “चाललीय की.”

मैदानाचा अर्धा वळसा झाला. रामरक्षा थांबली. आत्याला आता आपण मरत नाही याची खात्री पटली असावी, कारण तिला पुढची काळजी आठवली. ती दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून म्हणाली, “अगं इंदू, पण मी कऱ्हाडला काय सांगू? ते लोक उत्तराची वाट बघतायत.”

आईने समोरची नजर हलवली नाही.

“वन्सं, मध्ये बोलू नका हो,” ती म्हणाली. “मला दुसरा टाकायचाय.”

आणि टाकला.